आमची टीम 'वर' गेली (मायनर लीग बेसबॉल, न्यू जर्सी)

रारिटनकाठची | ११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४२

शीर्षक वाचून घाबरू नका, वर गेली म्हणजे देवाघरी नाही, बढती मिळाली. देवाघरी जायची वेळ शेजारच्या गावच्या टीमवर आली, ती पण पूर्ण गेली नाही, सांगते पुढे. सीझन संपलाय, सासरे काल साताऱ्याला परत गेले, घर एकदम शांत झालंय म्हणून बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते लिहून काढते. इथे क्रिकेटचे ढिगाने धागे आहेत, बेसबॉलचा मला तरी एकही सापडला नाही, तर सांभाळून घ्या.

आम्ही २००८ पासून ब्रिजवॉटरजवळ राहतो. हो तेच, बालाजी मंदिरवालं ब्रिजवॉटर. मंदिरापासून गाडीने थोडंसं गेलं की रेल्वे स्टेशनला लागून बेसबॉलचं मैदान आहे, सॉमरसेट पेट्रियट्सचं. नवऱ्याच्या ऑफिसची पिकनिक होती म्हणून २००९ ला पहिल्यांदा गेलो, तिकीट फुकट, हॉटडॉग फुकट, खेळ काय चाललाय ते ओ की ठो कळलं नाही, पण उन्हाळ्यातली संध्याकाळ, हिरवंगार गवत, मागे गाडीचा भोंगा, पोरगी तीन वर्षांची ती नुसती पळत होती आणि कोणी ओरडत नव्हतं. मी म्हटलं आपली जागा सापडली.

तेव्हा ही टीम 'स्वतंत्र' होती. अटलांटिक लीग म्हणून लीग आहे तिच्यात, कुठल्याच मोठ्या क्लबशी बांधलेली नाही. खेळाडू कोण, तर मेजर लीगमध्ये (म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये) थोडं खेळून बाहेर पडलेले, किंवा दारापर्यंत जाऊन परत आलेले, तिशी ओलांडलेले, गुडघ्याला पट्टी, 'अजून एक फोन येईल' या आशेवरचे. पण दरवर्षी तेच परत यायचे ना! आम्हाला त्यांच्या बायका माहीत, पोरं माहीत, एकजण हिवाळ्यात शाळेत बदली शिक्षक म्हणून जायचा ते माहीत. मॅनेजर स्पार्की लाइल, १९७७ चा साय यंग अवॉर्डवाला (वर्षातल्या सर्वोत्तम बॉलरचं बक्षीस), न्यूयॉर्क यँकीज या मेजर लीग क्लबचा जुना बॉलर, हा १९९८ ला टीम खेळायला लागली तेव्हापासून २०१२ पर्यंत आमच्याकडे. सहा वेळा लीग जिंकली आम्ही (बघा, 'आम्ही' म्हणते मी).

आणि मग ७ नोव्हेंबर २०२०. तारीख पक्की लक्षात आहे कारण त्याच शनिवारी बायडेन जिंकल्याचं टीव्हीवाल्यांनी जाहीर केलं. दिवाळी आठवड्यावर, माझ्या हातात चकलीचा सोऱ्या, टीव्हीवर सगळीकडे पेन्सिल्व्हेनिया पेन्सिल्व्हेनिया, आणि नवरा फोन घेऊन किचनमध्ये आला, अगं, पेट्रियट्स यँकीजचे झाले! डबल ए, मेजरच्या दोन पायऱ्या खाली! मी सोऱ्या तसाच ठेवून नाचले, खोटं कशाला बोलू. यँकीजची पुढची पोरं आपल्या अंगणात खेळणार. दोन-तीन मिनिटांनी तो म्हणाला, शेजारच्या ट्रेंटनकडून काढून घेतलं म्हणे. मी म्हटलं अरेरे, आणि चकल्या पाडायला लागले.

त्या 'अरेरे'बद्दलच हा धागा आहे. पाच सीझन झाले. खेळ सुधारलाय, खूपच सुधारलाय. मैदान चकाचक. पण माझं काहीतरी हललंय आणि ते नेमकं काय ते मला नवऱ्याला समजावता येत नाही. इथे कोणी मायनर लीग बघतं का?


सदाशिवपेठ_सोडून | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बेसबॉलमधलं शष्प कळत नाही तरी पूर्ण वाचलं. हे मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखं का? आणि सहा वेळा जिंकल्यावर वर ढकललं असंच ना, फुटबॉलमध्ये असतं तसं?


रारिटनकाठची | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नाही नाही, तीच तर गंमत आहे. जिंकण्या-हरण्याशी वर जाण्याचा संबंधच नाही. आम्ही सहा वेळा जिंकलो म्हणून वर गेलो नाही, आणि ट्रेंटन थंडरने २०१९ ला ईस्टर्न लीग जिंकली होती तरी पुढच्याच वर्षी त्यांना नारळ मिळाला.

असं समजा. मेजर लीगचे तीस क्लब. प्रत्येकाच्या खाली पायऱ्या, ट्रिपल ए, डबल ए, हाय ए, लो ए. प्रत्येक पायरीवर एकेका गावची टीम. पण खेळाडू, कोच, मॅनेजर सगळे वरच्या क्लबचे नोकर, पगार तिकडून, कोणाला खेळवायचं कोणाला बसवायचं तेही तिकडून. गावच्या टीमकडे काय, तर मैदान, तिकिटं, हॉटडॉग आणि मॅस्कॉट. म्हणजे खानावळ तुमची, जागा भांडी तुमची, आचारी आणि मेन्यू मात्र दुसऱ्याचा. भाजी आवडली म्हणून सांगायला जावं तर आचारी दुसऱ्या शाखेत पाठवलेला असतो.


हॅमिल्टनकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

ट्रेंटनचं नाव निघालं म्हणून दोन वर्षांनी लॉगिन केलं. पासवर्ड पण रीसेट करावा लागला.

ताई, तुमच्या चकल्या चालू होत्या तेव्हा आमच्याकडे काय चालू होतं सांगतो. मी २००४ पासून थंडरला जातो, ट्रेंटनशेजारी हॅमिल्टनला घर घेतलं तेव्हापासून, मैदान डेलावेअर नदीच्या अगदी काठावर, उजव्या बाजूला लांब मारला तर बॉल भिंतीवरून थेट नदीत. आधी ते बॉस्टनच्या रेड सॉक्सचे होते, २००३ पासून यँकीजचे. जुलै २०११ ला यँकीजचा स्टार डेरेक जीटर पाय दुखावल्यावर सरावासाठी दोन दिवस आमच्याकडे खेळला, आठवड्याच्या आत त्याने न्यूयॉर्कला कारकिर्दीतली ३००० वी हिट मारली. त्या दोन दिवसांत आमच्या गावात लग्न असल्यासारखं वातावरण होतं, मी उन्हात अडीच तास उभा, बायको म्हणाली मुलीच्या बारशाला एवढा वेळ उभा राहिला नव्हतास.

पण जीटर वगैरे सोडा. आमच्याकडे कुत्रा होता. चेस नावाचा गोल्डन रिट्रीव्हर, बॅटरने बॅट टाकली की धावत जाऊन तोंडात धरून डगआउटमध्ये आणून द्यायचा. तो २०१३ ला गेला, मग त्याचा मुलगा डर्बी, मग नातू रूकी. तीन पिढ्या चाकरी केली हो, वतनदारी होती ती. कोणाला आपल्या मैदानातला एखादा शॉट आठवतो, आम्हाला कुत्र्याच्या तीन पिढ्या आठवतात.

तर २०२० चा सीझन कोविडमुळे झालाच नाही, जूनअखेर रद्द केला. म्हणजे २०१९ ची ट्रॉफी जिंकून आम्ही घरी गेलो ते परत यँकीजची डबल ए टीम म्हणून मैदानावर आलोच नाही. निरोप नाही, शेवटची मॅच नाही. थंडरवाल्यांनी पत्रक काढलं त्यात सरळ विश्वासघात असा शब्द होता, सोळा महिने तुम्हालाच ठेवणार म्हणून सांगत होते म्हणे.

तुमच्यावर राग नाही. तुमची टीम चांगली आहे, माहितीये. पण तुमचं मैदान मी अजून पाहिलेलं नाही, आणि पाऊण तासावर आहे.


रारिटनकाठची | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काय बोलू. मी 'अरेरे' म्हणून चकल्या पाडायला घेतल्या हे लिहिताना तुम्ही वाचाल असं डोक्यात नव्हतं. कुत्र्याबद्दल माहीत होतं, तीन पिढ्या हे माहीत नव्हतं.


डेटा_दादा | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण आता लिहितोच. सगळे हळवे झालेत म्हणून मी थोडा खलनायक होतो.

जुनं सगळं सोनं होतं हे मला मान्य नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेर मेजर आणि मायनरमधला जुना करार संपला आणि मेजर लीगने सगळा कारभार स्वतःकडे घेतला, १६० टीम होत्या त्या १२० केल्या, तीस क्लबना प्रत्येकी चार. बरोबर, चाळीस गावांच्या हातून टीम गेली आणि ते वाईटच झालं. न्यूयॉर्क-पेन लीग १९३९ पासूनची, ती आख्खी बंद. पण ज्या काळाबद्दल आपण उसासे टाकतोय तो सोडाच, अगदी २०२२ पर्यंतसुद्धा तुमच्या डबल एच्या पोराला वर्षाला कमीत कमी १३,८०० डॉलरच मिळायचे. वर्षाला! न्यू जर्सीत! लो एचा पोरगा ११,००० वर. पाच-सहाजण एका अपार्टमेंटमध्ये, जमिनीवर हवेची गादी, रात्रभर बस, सकाळी पीनट बटर. आणि वर २०१८ ला संसदेत खर्चाच्या एका जाडजूड बिलात कलम घुसवून घेतलं की या पोरांना किमान वेतनाचा कायदा लागू नाही. कायद्याचं नाव काय तर 'अमेरिकेचा विरंगुळा वाचवा'. विरंगुळा कोणाचा, उपाशी कोण.

आता बघा. २०२२ पासून राहायची जागा क्लब देतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पोरं युनियनमध्ये आली. मार्च २०२३ ला पहिला करार झाला, डबल एचं किमान ३०,२५० झालं, ट्रिपल एचं ३५,८००. जुन्या पगाराच्या खटल्यात १८.५ कोटी डॉलरची तडजोड. २०२१ पासून मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅच, सोमवार सुट्टी, म्हणजे बसचे हाल कमी. हे सगळं गेल्या पाच वर्षांतलं आहे. आपण तिकीट काढून हॉटडॉग खाऊन रम्य संध्याकाळ म्हणायचो त्याचं अर्धं बिल ती पोरं भरत होती.


काकडीची_कोशिंबीर | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

डेटा दादा, सगळं खरं, पण पोरं फक्त हवेच्या गादीवर नव्हती हो. आमच्याकडे होती.

मी नॉर्थ कॅरोलायनात, बर्लिंग्टनजवळ. आमच्याकडे बर्लिंग्टन रॉयल्स नावाची अगदी खालच्या पायरीची टीम होती, मेजर लीगच्या कॅन्सस सिटी क्लबची, अ‍ॅपलेचियन लीगमध्ये. सीझन फक्त जून ते ऑगस्टअखेर. अशा गावांमध्ये घरोघरी खेळाडू ठेवून घ्यायची पद्धत. आमचं बेसमेंट रिकामं, मुलगा कॉलेजला गेलेला, म्हटलं बघू. आला एक डॉमिनिकन रिपब्लिकचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, सहा फूट तीन इंच, इंग्रजी म्हणजे 'थँक्यू मामा' एवढंच. बॉलर होता. पहिल्या दिवशी मी मुद्दाम पास्ता केला, त्याने दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी आम्ही आमचा वरणभात जेवत होतो तर हा वास घेत जिना चढून वर आला, पातेल्यात डोकावला, आणि त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू, त्यांच्याकडे पण भात आणि डाळीसारखं घट्ट कालवण असतं म्हणे. त्या दिवसापासून रात्री अकराला मॅच संपवून आला की त्याच्यासाठी वरणभात झाकून ठेवलेला, वर हा हॉट सॉस ओतायचा. मला बघवायचं नाही, पण पोटभर खायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी नऊला फोन आला त्याला. 'रिलीज' केलं म्हणजे काढलं. वीस मिनिटांत बॅग भरली. बूट धुवून गॅलरीत वाळत घातले होते ते ओलेच पिशवीत कोंबले. मी डबा दिला. अजून दर मदर्स डेला मेसेज येतो, आता तिकडे मोटारसायकलचं दुकान आहे त्याचं.

२०२१ पासून आमच्या गावात कॅन्सस सिटी नाही. टीमचं नाव झालं सॉक पपेट्स, मोज्यांच्या बाहुल्या! कॉलेजची पोरं उन्हाळ्यात खेळतात, गुणी आहेत, अजूनही घरोघरी राहतात, आमच्याकडे दोघं होती यंदा. सकाळी उठून 'मॅम' म्हणतात, भांडी विसळतात. पण ती ऑगस्टमध्ये घरी जाणार आणि पदवी घेणार, त्यांचं काही अडलेलं नाही. त्या पोराचं सगळंच अडलेलं होतं, म्हणून त्याची मॅच बघताना मला पदर चावायला व्हायचं (पदर नव्हता, टीशर्ट होता).

पगार वाढला ते फार चांगलं झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.


बोटीने_जाणारा | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

स्टॅटन आयलंडकर हजर, न्यूयॉर्कचंच बेट. आमची टीम तर यँकीजच्या नावाचीच होती, स्टॅटन आयलंड यँकीज. त्याच ७ नोव्हेंबरला कळलं की आपण यादीत नाही, डिसेंबरमध्ये कुलूप आणि कोर्टकचेरी. फुकटच्या फेरीबोटीने जायचं, उतरलं की दोन मिनिटांवर मैदान, मैदानामागे पाणी आणि पलीकडे आख्खं मॅनहॅटन, एवढं देखणं दृश्य कुठल्याच बॉलपार्कला नाही, भांडायला तयार आहे. २०२२ ला तिथे फेरीहॉक्स नावाची नवी टीम आली, त्याच अटलांटिक लीगमधली, म्हणजे ताई तुम्ही जी लीग सोडली ती आमच्या वाट्याला. पहिल्याच वर्षी केल्सी व्हिटमोर नावाची मुलगी आमच्याकडून खेळली, अटलांटिक लीगमध्ये सुरुवातीच्या अकरात, सॉरी नवात, उतरलेली पहिली बाई. माझ्या लेकीने त्यानंतर ग्लोव्ह मागितला. तेव्हा माझी तक्रार निम्मी मागे.


टेक्सासचा_तात्या | १२ ऑक्टोबर, रात्री ८:००

मी क्रिकेटवाला आणि तुमच्या दुःखात आनंद झालेला माणूस.

डॅलसजवळ ग्रँड प्रेअरीला एअरहॉग्स म्हणून स्वतंत्र टीम होती. मी दोनदा गेलो होतो, जुलैची वाफ, प्रेक्षक मोजून घ्यावेत इतके. २०१८ ला तर टीममध्ये अर्ध्याहून जास्त खेळाडू चीनचे, बीजिंगच्या क्लबशी करार केला होता, खोटं वाटेल पण खरं आहे. २०२० नंतर टीम संपली, आणि ते मैदान पाडून-वाढवून क्रिकेटचं केलं. १३ जुलै २०२३ ला मेजर लीग क्रिकेटची पहिली मॅच तिथेच. मी पिवळा टीशर्ट घालून गेलो, मधोमध खरीखुरी हिरवळ, खरं पिच, शेजारी नागपूरचा एकजण, मागे आंध्रातले दहा जण ढोल घेऊन. डोळ्यात पाणी आलं.

पण तुमचा धागा वाचून आता वाटतंय, त्या मोजक्या प्रेक्षकांत एखादा रोज येणारा म्हातारा असेल. तो आता कुठे जात असेल? कोणी मला असं काही वाटायला लावू नका हो, चांगला मजेत होतो.


रारिटनकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३०

तात्या, रोज येणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट माझ्याकडे आहे. दोन आहेत म्हातारे.

एक आमच्या रांगेतले. तिसऱ्या बेसच्या मागे, १९९९ ला मैदान उघडलं तेव्हापासून सीझन तिकीट, कायम तीच खुर्ची, मांडीवर स्कोअरबुक. दुसरे माझे सासरे. २०२२ ला पहिल्यांदा सहा महिने राहायला आले, नवव्या दिवशी कंटाळले, म्हटलं चला मॅचला. पहिला प्रश्न, ओव्हर कधी संपते? मला उत्तर देता येईना. शेजारच्या आजोबांनी न बोलता स्कोअरबुक पुढे सरकवलं. सासरे निवृत्त हेडक्लार्क, रकाने दिसले की त्यांना बरं वाटतं. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून, बॉल हुकवून आउट झाला तर के, आणि नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा के. हा उलटा के त्यांना इतका आवडला! म्हणाले, ऑफिसात असे पुष्कळ होते, त्यांच्या सर्व्हिसबुकात हाच शेरा हवा होता. दुसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमधून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळायचं नाही, पूर्ण उन्हाळा शेजारी बसले.

त्या वर्षी मायनरमध्ये सगळीकडे पिच क्लॉक आलं. बेसवर कोणी नसेल तर चौदा सेकंदांत बॉल टाकायचा, असेल तर अठरा. मॅच सरासरी पंचवीसेक मिनिटांनी आटोपायला लागली. आमचे आजोबा चिडचिड करायचे, बेसबॉलला घड्याळ नसतं म्हणून तर तो बेसबॉल. सासरे म्हणायचे, मला तर बीपीच्या गोळीच्या वेळेला घरी पोचता येतं, छान आहे. मला विचाराल तर दोघंही बरोबर. (आणि हो, आम्ही स्वतंत्र होतो तेव्हा २०१९ ला आमच्याच लीगमध्ये मेजरवाल्यांनी पहिल्यांदा यंत्राचा अंपायर लावून पाहिला, अंपायरच्या कानात इअरपीस, खिशात फोन, आतला आवाज सांगेल तो स्ट्राइक. तेव्हा हसलो होतो आम्ही. आता २०२६ पासून मेजर लीगमध्ये येतंय, खेळाडूने डोक्यावर टपली मारून दाद मागायची. नवीन औषध आधी गरिबांवर, दुसरं काय.)

तर २८ सप्टेंबर २०२२. ईस्टर्न लीगची फायनल, इरीची टीम समोर. आमचा रँडी वास्केझ बॉल टाकतोय आणि एकालाही हिट मिळेना. सहावी इनिंग गेली, सातवी गेली, स्टेडियम चिडीचूप. सासऱ्यांनी वहीत बघून मोठ्याने विचारलं, अगं यांना एकही हिट नाही का अजून? आजोबांनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला! खरंच ठेवला. म्हणजे तो शब्द उच्चारायचा नसतो, नजर लागते. मी मराठीत सांगितलं, बाबा, सचिन नव्व्याण्णववर आहे, हलू नका, बोलू नका. लगेच कळलं त्यांना. मग पुढच्या दोन इनिंग सासरे एक पाय दुमडलेला तसाच ठेवून बसले. वास्केझ आठ इनिंग, नववी कार्सन कोलमनने टाकली, नो-हिटर आणि चॅम्पियनशिप एकाच रात्री. बाबांना उठताना दोघांनी धरावं लागलं, पायाला मुंग्या.

आता माझं म्हणणं. त्या रात्री मैदानात जी पोरं एकमेकांवर उड्या मारत होती त्यातलं पुढच्या एप्रिलला कितीजण आमच्याकडे होते? थोडेच. अँथनी वोल्पी तर फायनलपर्यंतसुद्धा राहिला नाही, एप्रिल ते ऑगस्ट आमच्याकडे, सप्टेंबरला स्क्रँटन (यँकीजची ट्रिपल ए), मार्च २०२३ ला थेट यँकी स्टेडियम. आणि तो तर आमच्याच काउंटीतल्या वॉचंगचा पोरगा! मला अभिमान वाटला, नाही असं नाही. जून २०२४ ला यँकीजचा बडा बॉलर गेरिट कोल दुखापतीनंतर आमच्याकडे बॉल टाकायला आला तेव्हा मी पण ऑफिसातून लवकर पळाले. पण आधी मी माणसं बघायला जायचे आणि आता मी पाहुणे बघते. इथे चांगला खेळला की तो जाणार, वाईट खेळला तरी जाणार. मी टाळ्या वाजवते म्हणजे त्याला लवकर घालवते. मुलगी म्हणते आई तू सासरी जाणाऱ्या पोरींच्या टीमला सपोर्ट करतेस.


डेटा_दादा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

शेवटची ओळ जमली आहे, मुलीला सांगा.

पण एक भर. गावाचा हक्क खेळाडू गेल्याने तितका जात नाही, मालक बदलल्याने जातो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये एका कंपनीने एका दमात दहा टीम घेतल्या, त्यात यँकीजच्याच दोन, हडसन व्हॅली आणि स्क्रँटन. आता त्यांच्याकडे चाळीसच्या वर आहेत. वर मैदानांचे नवे नियम, दिवे इतके पाहिजेत, बॅटिंगच्या जाळ्या आत पाहिजेत, महिला कर्मचाऱ्यांना वेगळी खोली पाहिजे (ही मागणी योग्यच), पण खर्च बहुतेक ठिकाणी काउंटी नाहीतर महापालिकेच्या गळ्यात. आणि गाव नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटलेल्यांचं काय होतं ते चाळीस गावांनी दाखवलंय.


सदाशिवपेठ_सोडून | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

काल रात्री यूट्यूबवर कुत्र्याचे व्हिडिओ बघत बसलो. बॅट आणून देतो आणि शेपटी हलवत उभा राहतो. ऑफिसला उशीर झाला. उलटा के आमच्या टीममध्ये सुरू करतोय, मीटिंगमध्ये नुसते बघत बसणाऱ्यांसाठी.

हॅमिल्टनकर, मग आता ट्रेंटनला काहीच होत नाही का?


हॅमिल्टनकर | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

होतं की. २०२१ ला गंमतच झाली. टोरांटोवाले (मेजर लीगचा कॅनडातला क्लब) कोविडने बॉर्डर बंद म्हणून बफलोला येऊन खेळायला लागले, बफलोची ट्रिपल ए टीम बेघर झाली, ती आली ट्रेंटनला, आणि आमच्या मैदानावर थंडरचाच ड्रेस घालून खेळली. म्हणजे डबल ए काढून घेतलं त्याच उन्हाळ्यात आम्ही ट्रिपल ए बघितलं, भाड्याचं का होईना. रिकाम्या वाड्यात तीनेक महिने श्रीमंत भाडेकरू. मग ते गेले.

आता ड्राफ्ट लीग आहे. मेजरवाल्यांनीच काढली, टीम गेलेल्या काही गावांना. कॉलेजची पोरं ड्राफ्टमध्ये (मेजर क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात) नंबर लागावा म्हणून खेळतात, सीझन छोटा. ड्राफ्ट पूर्वी ४० फेऱ्यांचा होता आता २० च, तेव्हा पोरं जीव तोडून खेळतात. मी जातो. चार मॅच पाहिल्या यंदा. मैदान तेच आहे, नदी तीच आहे, पोर्क रोल सँडविच तेच आहे, फक्त कोणाला ओरडून बोलवावं तर नाव पाठ नसतं.

ताई, सासऱ्यांची वही अजून चालू आहे का?


रारिटनकाठची | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

चालू आहे, तिसरी वही. यंदा जेमतेम अकरा मॅच झाल्या त्यांच्या, गुडघ्यामुळे. प्रत्येक पानावर कोपऱ्यात तिकीट डिंकाने चिकटवायची त्यांची पद्धत, पण आता तिकीट कुठे असतं, फोनवरच्या चौकोनी जाळीत. एका मैदानात (नाव घेत नाही, आमचं नव्हे) यांनी खिडकीवर जाऊन कागदी तिकीट मागितलं, तिथली मुलगी गोड हसून म्हणाली स्क्रीनशॉट काढा सर. बाबांनी मला विचारलं स्क्रीनशॉट डिंकाने चिकटतो का. मग मी घरी प्रिंट काढून दिला, तर म्हणाले याला फाडलेली कड नाही.

आजोबा यंदा आले नाहीत. खुर्चीवर दुसरं कुटुंब होतं. मी गेटवरच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या फ्लोरिडाला मुलाकडे गेले. बाबांनी पहिल्या मॅचला त्यांच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आणले होते, ते मग त्या नवीन कुटुंबालाच दिले.


हॅमिल्टनकर | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५५

माझ्याकडे बुटाच्या खोक्यात थंडरची तिकिटं आहेत, २००४ पासूनची, सगळी फाडलेल्या कडेची. २०१९ ची तर दोन-दोन आहेत, बायकोचं आणि माझं. एक सेट सासऱ्यांना देतो. पोस्टाने नको, हरवेल. एप्रिलमध्ये तुमच्या पहिल्या घरच्या मॅचला घेऊन येतो. यँकीजचा टोप घालणार नाही, आधीच सांगतो.


रारिटनकाठची | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

आत्ता साताऱ्याला फोन केला. बाबा म्हणाले आभार कळव, पण नुसती तिकिटं नकोत, त्या दिवशी बॉल कोणी टाकला आणि किती के झाले ते पण पाठवा म्हणावं, त्याशिवाय पान भरता येणार नाही. आणि कुत्र्यासाठी वहीत वेगळा रकाना आखू का म्हणून विचारतायत.